लंकाबाईच्या रानातला नेपच्यून

लंकाबाई : व्हय, मीच उपटली. आन पुन्ना ठोकलीस तर पुन्ना उपटीन. जा, सांग वैजनाथला.

सृष्टी : वैजनाथकाकांचा काय संबंध, आजी? खुंटी शाळेची हाय.

लंकाबाई : मला बारकं पोर समजती का? लाल चिंधी बांधून खुंटी कोन ठोकतं? मोजणीवाला. सख्ख्या दिरानं आधी माझा बांध कोरला, आन आता पोरींच्या हातून खुंट्या रोवतोय. आसारामची ना तू?

सृष्टी : व्हय, सृष्टी. सातवीत हाय. ही मोजणीची खुंटी न्हाई. हा नेपच्यून हाय, सूर्याचा सगळ्यात लांबचा ग्रह.

लंकाबाई : ग्रह? आगं बया! माझ्या ज्वारीत कशाला? साडेसाती कमी हाय व्हय मला?

सृष्टी : साडेसातीवाला न्हवं हा. शनी तिकडं डेअरीपाशी ठोकलाय.

लंकाबाई : वैजनाथच्या डेअरीपाशी?

सृष्टी : तिथंच.

लंकाबाई : मग त्याला हलवू नका. हं, बोल पुढं.

सृष्टी : शाळेच्या व्हरांड्यात घागर ठेवलीय, तो सूर्य. सूर्य घागरीएवढा धरला तर आपली पृथ्वी केवढी? ज्वारीचा दाना. आन तो दाना घागरीपासून चाळीस मीटरवर, पार फाटकात. गुरू म्हंजे लिंबू. नेपच्यून ही गोटी, चिकटवलीय बघा खुंटीला. ती येती बाराशे मीटरवर. मी आन मॅडमनी टेप धरून मोजलं, तर तुमचं रान लागलं. उद्या सहावीची पोरं घागरीपासून चालत इथवर येनार, आन इथं मी त्यांना धडा सांगनार.

लंकाबाई : तू सांगनार? मास्तरीनबाई काय करनार मग?

सृष्टी : आरती मॅडम संगं हायेत, पन सांगनार मीच. मागल्या वर्साला हा धडा झाला तवा मी आई-आबासंगं ऊसतोडीला गेल्ते. परत आले तर सगळी पोरं गुरुत्वाकर्षण, गुरुत्वाकर्षण करायची, आन मी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघायची. लई लाज वाटायची. यंदा मी हट्टानं मावशीपाशी राहिलेय.

लंकाबाई : मग पन्नास पावलं अलीकडं ठोक की. रस्त्याच्या कडंला. माझ्या रानात पोरांची पलटन कशाला?

सृष्टी : न्हाई जमनार.

लंकाबाई : पन्नास पावलांनी काय आभाळ कोसळतंय?

सृष्टी : कोसळत न्हाई. पन खोटं होतंय. बाराशे म्हंजे बाराशे.

लंकाबाई : लई ताठ हायेस. बरं, एवढ्या लांब बसलाय तर हा त्या घागरीचं ऐकतो कशाला? निघून का जात न्हाई?

सृष्टी : तुमच्या हातात गोफण हाय ना? गरागरा फिरवता तवा धोंडा का निघून जात न्हाई?

लंकाबाई : मी दोरी धरलेली असती. सोडली की सुटतो, पाखरांवर.

सृष्टी : तसंच सूर्यानं ग्रहांना धरलंय. दोरी न्हाई, नुसती ओढ. तिलाच गुरुत्वाकर्षण म्हनत्यात. लांब गेलं की ओढ कमी पडती, म्हनून नेपच्यून सावकाश चालतो. त्याच्या एका फेऱ्याला आपली एकशे पासष्ट वर्सं लागत्यात.

लंकाबाई : पन ओढ हाय तर घागरीवर येऊन आदळायला पायजे.

सृष्टी : हे बरं इचारलंत, उद्या पोरं पन इचारतील. तो पुढं पळतोय ना, म्हनून आदळत न्हाई. थांबला तर आदळंल. पळनं बी हाय आन ओढ बी हाय, म्हनून फेरा होतो.

लंकाबाई : थांबलं की आपटलं. ते मला शाळंत न जाता ठाऊक हाय.

सृष्टी : तुमाला खुंटी नकोच असंल तर एक करते. नेपच्यूनला जवळ न्हाई आनता येत, पन त्याच्या फेऱ्यावरच बाजूला नेता येतंय. अंतर तेवढंच राहतं. बांधापलीकडं लावते.

लंकाबाई : वैजनाथच्या रानात?

सृष्टी : व्हय. त्यांना इचारते.

लंकाबाई : आन त्यानं गुपचूप दोन हात सरकवली तर?

सृष्टी : तर शाळेपासनं पुन्ना टेप धरीन.

लंकाबाई : पुन्ना सरकवली तर?

सृष्टी : पुन्ना धरीन. दुपार झाली तरी चालंल, चुकीच्या जागेवर उभी राहून मी धडा सांगनार न्हाई.

लंकाबाई : (खुंटी हातात फिरवत) तेरा वर्सं झाली बघ. दर पेरणीला बांध इतभर माझ्याकडं येतो. तलाठ्याला सांगितलं, सरपंचाला सांगितलं, भावकी बसवली. सगळ्यांचं एकच, जाऊ द्या आजी, इतभरानं काय होतंय. ऐकून ऐकून मला बी वाटाया लागलं, आपनच खुळं असू. लई एकटं वाटायचं गं.

सृष्टी : इतभर लई असतं, आजी.

लंकाबाई : हां. घे ही. तो धोंडा घे आन ठोक.

सृष्टी : बांधापलीकडं?

लंकाबाई : पलीकडं कशाला? व्हती तिथंच. आन पोरांना म्हनावं, धाटं तुडवायची न्हाईत.

सृष्टी : न्हाई तुडवनार. मी त्यांना एका रांगेत आनते.

लंकाबाई : धडा झाला की तू जरा मागं थांब. मास्तरीनबाईला बी थांबव. माझा बांध मोजून द्या.

सृष्टी : देऊ की. किती भरायला पायजे?

लंकाबाई : भरंल तेवढं सांग, पोरी. कमी भरलं तरी खरं सांग.