उतरायची जागा

— चप्पल काढ आधी. चप्पल घालून फिरतोस गच्चीवर, ही काय तुझी सीट कव्हरं शिवायची शेड वाटली? हं. आता उलगड ते, पूर्ण उलगड, आणलंयस तर नीट बघू दे मला. तर हे माझ्या ड्रोनसाठी. उतरायला. स्वतः शिवलंस? वा! म्हणजे होणाऱ्या सासऱ्याकडे पहिल्यांदा येताना माणूस काय आणतो — फळं आणतो, मिठाई आणतो, अगदीच काही नाही तर मोकळ्या हातानं येऊन गोड बोलतो — आणि आमचे जावईबापू काय घेऊन आले, तर पायपुसणं! रागावू नकोस रे, गंमत केली. रागावलास ना? कान लाल झाले की तुझे. तिला म्हणलं होतं मी, मुलगा लगेच लाल होणारा निघाला तर माझ्याशी जमायचं नाही त्याचं.

हा टेप धर तिकडनं. मध्यातनं धर, मध्यातनं! किती म्हणालास — पंचाहत्तर सेंटिमीटर? त्र्याहत्तर. इकडनं बघ, त्र्याहत्तर आणि थोडं. बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात काढलीत बाबा मी, दुकानदाराच्या तोंडाकडे बघून सांगायचो काटा कितीनं मारलाय ते. दोन सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही म्हणतोस? सगळे हेच म्हणायचे. बरं, रंग नारिंगी, मधे पांढरी फुली, ठीक आहे, वरनं दिसेल. शिलाई दुहेरी. काठात काय भरलंयस, जड लागतंय — साखळी? वाऱ्यानं उडू नये म्हणून. हं. बारीक साखळी सबंध काठातनं ओवलीस. कोणी सुचवलं? तूच? नाही, चांगलंय, मी कुठं वाईट म्हणतोय. माणसानं आपला धंदा सोडू नये, एवढंच म्हणतो. आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली जे शिवलं तेच आता सासऱ्याच्या ड्रोनखाली. नाही, हस, हसायला सांगितलं की हसावं.

पण मला सांग, हे तुझ्या डोक्यातनं आलं की तिच्या? खरं सांग. तिनं सांगितलं ना, बाबांना एक पॅड शिवून दे? काय म्हणाली — मी गेल्यावर त्यांचं कसं व्हायचं, असं? का नाही म्हणाली तसं काही? नुसतं पॅड म्हणाली? बरं बरं. म्हणजे पोरगी दोनशे किलोमीटर लांब न्यायची आणि तिच्या जागी त्र्याहत्तर सेंटिमीटर रेक्झिन द्यायचं. पुढच्या आठवड्यात लग्नाच्या सह्या आणि मी तिथं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या — येईन, येईन की! आलो नाही तर लोक काय म्हणतील याची तुला काळजी, मला नाही.

बस तिथं कट्ट्यावर. उडवून दाखवतो. हे असे हात उघडायचे त्याचे, एक, दोन, तीन, चार. ठेवलं तुझ्या फुलीवर. चालू. ऐकलास आवाज? आता बघ हं, तुझं कापड कसं फडफडतं — नाही हललं. साखळीमुळे. ठीक आहे. ते बघ, कसं सरळ वर गेलं. अकरा वर्षं उडवतोय मी. आणि अकरा वर्षांत एकदाही, एकदासुद्धा ते उतरताना जमिनीला टेकलेलं नाही, माहितीये? ती धरायची. हातात. मी खाली आणायचो, ती इथं, तू बसलायस ना त्याच्या पुढं, हात वर करून उभी राहायची आणि खालनं अलगद पकडायची. पंधरा वर्षांची होती तेव्हापासनं. रोज संध्याकाळी साडेपाचला. परीक्षा असो, ताप असो, साडेपाचला वर. तुला नाही सांगितलं? मग ते बोट कशानं कापलं म्हणून सांगितलं तुला? काच? काच म्हणाली? बघ, बापाला सांभाळून घेते पोरगी. मी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, उगाच नाही.

आता असा बघू नकोस माझ्याकडे. झालं एकदा. पहिलं यंत्र जड होतं, पाती कडक, त्या दिवशी वारा होता. डाव्या हाताचं पहिलं बोट, चार टाके, आतली शीर तुटली, ते वाकत नाही आता, तुला दिसलंच असेल. व्हायोलिन सुटलं तिचं. सुटलं तर सुटलं, कुठं मोठी वादक होणार होती! तुला ते कळायचं नाही, तू ऐकलं नाहीस ना. तिची आई गेली त्या वर्षी, आणि ही बया सकाळ-संध्याकाळ खोलीचं दार लावून तेच वाजवत बसायची. दार लावून. मी बाहेर. जेवण टेबलावर गार. मी दारावर टकटक करायचो तर आतनं वाजवणं थांबायचं, पण दार नाही उघडायचं — नुसती थांबायची, मी जायची वाट बघत. तुझ्या बाबतीत असं कुणी केलंय? आपल्याच घरात, आपलीच पोर? मग हे आणलं मी. म्हणलं ये वर, बघ तरी. आली. धर म्हणलं, धरलं. आणि टाके पडल्यावर दार उघडंच राहायला लागलं. मला वाईट नाही वाटलं असं नाही. पण खरं सांगू, बरंही वाटलं. जेवायला समोर बसायची.

काय? काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. ड्रोनच्या दुकानदारानं सांगितलं? काय सांगितलं? की यंत्र आपलं आपण उतरतं. निघालेली जागा लक्षात ठेवतं, बॅटरी संपत आली की परत येतं, खालचं चित्र ओळखतं आणि टेकतं, कुणी हात लावायला नको. अच्छा! आणि तू मला हे सांगायला आलास! अरे, बत्तीस वर्षं मी यंत्रं तपासली, मला पुस्तक वाचता येत नाही? दुसऱ्या पानावर लिहिलंय. पहिल्याच्याही पुस्तकात होतं. पहिल्या दिवसापासनं माहितीये मला ते. तिनं विचारलं होतं की, टाके पडले त्याच्या आधी — बाबा, खाली नाही का ठेवता येत? मी म्हणलं नाही, मोटरमध्ये कचरा जातो, कुणीतरी धरायलाच लागतं. एवढंच. एका वाक्याचं तर काम. धरायलाच लागतं म्हणलं म्हणून तर ती अकरा वर्षं जिना चढून आली, नाहीतर कोण येतं कुणाच्या गच्चीवर? तू येशील? ते आपलं आपण उतरलं असतं तर मी इथं एकटा काय आकाश बघत बसलो असतो? आणि हे तिला सांगायचं नाही हं. कळलं का? सांगितलंस तर मी सरळ म्हणेन, मुलगा खोटारडा आहे, आणि ती माझं ऐकेल. अजून ऐकते ती माझं. तू कालचा.

माझ्या मागे काय बघतोस सारखा? माझ्याकडे बघ, मी बोलतोय —

अगं. तू कधी आलीस वर? बॅगा भरत होतीस ना. किती वेळ उभी आहेस तिथं? नाही, आमचं आपलं सहज — हाच विचारत होता काहीतरी, मी म्हणलं — बरं झालं आलीस, ये, पुढं ये, बॅटरी संपत आली, लाल दिवा लागला बघ, यायला लागलं ते खाली. धर. अगं धर ना! हात का मागे घेतलेस? वारा आहे, भिंतीवर आपटेल, फुटेल ते, मी सांगतोय तुला — हात पुढं कर! — बाळा, धर गं —

उतरलं.

मधोमध नाही उतरलं. चार बोटं डावीकडं आहे, बघा, फुलीवर नाहीये. बघ की तिकडं, माझ्याकडे काय बघतेस?

तू टेप दे माझा. आणि जा. दोघंही जा. उभे काय राहिलात? जा म्हणतोय ना.