रुबेलाची रांग

कॅम्प-वनच्या शाळेत मुलींना रुबेलाची लस देणं चाललं होतं. नर्स भाग्यश्री सिरिंज भरता भरता रांगेतल्या ठकूबाईचे आणि तिच्या शेजारणीचे ओठ वाचत होती.

“ठकूबाई, ते नर्स जन्माची बहिरी आहे.”

“कावून वं?”

“पोटात होती तवा तिच्या मायले रुबेला झाला होता.”

“अन् ते माह्या नातीले सुई टोचन? चाल, घरी जाऊ.”

“थांबा आजी,” भाग्यश्री म्हणाली. “माह्या मायले हे लस भेटली नव्हती. तुमच्या नातीले भेटून राहिली. उद्या इनं आपल्या लेकराले हाक मारली, का ते वळून पाहीन.”

“तुले ऐकू आलं?”

“दिसलं.”

ठकूबाईनं नातीची बाही वर सारली.

“टोच माय. तुह्याच हातानं टोच.”