पुस्तकातली म्हातारी

येवल्याहून नाशिकला येताना एसटीत माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको बसलेले. बायकोच्या मांडीवर तिनं स्वतःच छापून घेतलेल्या गोष्टीच्या पुस्तकांचा गठ्ठा. पंचवटीतल्या बागेत पोरांना ती गोष्ट वाचून दाखवायची होती. कान काही मी येवल्यात ठेवून आले नव्हते.

"आईंना कशाला बोलावलं हो?"

"सुनेचं पुस्तक सासूनं ऐकू नये?"

"अहो, त्यातली कजाग म्हातारी त्याच आहेत! मेथीच्या वाफ्यात पडलेला चेंडू परत न देणारी."

"हे आत्ता सांगती तू?"

"त्यांना वाचता येत नाही, म्हणून तर बिनधास्त लिहिलं. मोठ्यानं वाचावं लागेल हे कुठं ठाऊक होतं?"

"मग म्हातारीचं पान गाळ."

"सगळ्या पानांवर तीच आहे!"

"थांब, तिचाच फोन. हां आई... बरं... बरं, सांगतो."

"काय म्हणाल्या?"

"आपल्या निकितानं आजीला सगळं पुस्तक कधीच वाचून दाखवलंय."

"अगं बाई! लय रागावल्यात का?"

"चित्रातल्या म्हातारीसारखंच हिरवं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीत बसलीय. म्हणाली, वाचताना माझ्याकडं बघून वाच म्हणावं."