गुरुवारच्या मॅडम

हसू नका, पण आमची कंपनी म्हणजे नांदगाव पेठेतल्या दोन खोल्या. सोयाबीनच्या बियाण्याले लावायचे जिवाणू आमी तिथं वाढवतो. तज्ज्ञ शबाना मॅडम अकोल्याहून फक्त गुरुवारी येतात. "मी येईपर्यंत हे उबेचं कपाट उघडायचं नाही," असं बजावून गेल्या होत्या.

तरी पहिली खेप नासली. आणखी एक नासली असती, तर कंपनीले कुलूपच होतं.

"कपाट कोनं उघडलं?" गुरुवारी आल्या आल्या मॅडमनं विचारलं.

माझा भागीदार सुधाकर म्हणे, "मी. रोज सकाळी."

"काहून?"

"पेरल्यावर वावरात चक्कर नाही मारा लागत?"

मॅडमनं कपाटाले काचेचं दार बसवून घेतलं अन् गेल्या.

आता रोज पहाटे अकोल्याहून फोन येते. मॅडमचा आवाज अजून स्वप्नातच असल्यासारखा.

"सुधाकरभाऊ, काचेतून पाहून सांगा ना, उगून राहिले का?"