छाटलेली कण्हेर

पोलादपूरच्या स्टँडवर समीक्षा महाडच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

“आई, ती कण्हेर उपटून टाकूया. तिच्यामुळंच गाय गेली.”

“झाडाकडं गाय कवा गेली नाय. गोठ्यापाशी छाटलेल्या फांद्या पडल्या, त्या खाल्ल्यान् तिनं.”

“मीच टाकल्या. मुंबईत रस्त्यांवर लावतात. विषारी असते हे मला कुठं ठाऊक?”

“मला ठाव होतं. टाकताना बघितलं मी तुला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणं बंद होतं ना गो आपलं. म्हटलं, मागून उचलीन. तवर तिनं तोंड घातलं.”

“ह्यांना मी माझी चूक म्हणून सांगितलंय.”

“आता घरी गेलो की माझ्या किरणला दोघींची चूक सांगू.”