चौसष्ट नंबरचा रुपया

…आणि वर लाइट लावलाय हो त्याने! शोकेसमध्ये, बारीकसा, पिवळा, सोनाराच्या दुकानात असतो तसला, आणि त्या लाइटखाली काय? तर एक रुपया! स्टीलचा, रिक्षावाला सुट्टे म्हणून हातावर टेकवतो तो एक रुपया! कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर... चौसष्ट! सत्तरपैकी चौसष्ट! एवढे मार्क नोएलला स्वतःला दहावीत पडले नव्हते, हे तोच हसत हसत सांगतो. मी जळत नाही हां, आधीच सांगून ठेवतो. आपल्याला काय त्याचं!

तुम्हाला सांगतो, नोएल म्हणजे आमच्या समोरच्या दारातला. नाहूरला आमची बिल्डिंग, माझं दार उघडलं की त्याचं दार, त्याचं दार उघडलं की ती शोकेस, म्हणजे मी कचरा ठेवायला बाहेर आलो तरी चौसष्ट! मूळचा वर्सोव्याचा, माणूस लाखमोलाचा, उगाच खोटं कशाला बोला, पण नाण्यांतलं त्याला ओ की ठो कळत नाही! आणि मी? कॉलेजपासून नाणी जमवतोय. भाजीवालीने सुट्टे दिले की मी आधी खिशातून भिंग काढतो, मागची माणसं शिव्या घालतात, भाजीवाली म्हणते, ‘भाऊ, खोटं न्हाय वो ते!’ आता तिला काय सांगू की बाई, मला चुकलेलंच पाहिजे? टांकसाळीत कधीतरी ठसा सरकतो, चित्र जातं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर राहते, आणि ते चुकलेलं नाणं नजर चुकवून बाहेर पडतं. त्याच्या मागे जग वेडं असतं. माझ्याकडे बरोबर असलेल्या नाण्यांचे डबेच्या डबे भरलेत, चुकलेलं एक नाही! आणि याला? घरपोच!

कुणी दिलं विचारा ना. विचारा की! ...मी! मी दिलं हो, ह्या हातांनी!

झालं काय, त्याच्या मुलीचं, शॅरनचं लग्न होतं. आहेराचं पाकीट आणायला मी मुलुंडला गेलो. हल्ली पाकिटं तयार मिळतात ना, वरचा एक रुपया आधीच खाचेत बसवलेला, त्यावर चमकीचं फूल? तसलं घेतलं. जन्मभर नाण्यांना भिंग लावणारा मी, त्या दिवशी फूल बघितलं, रुपया बघितला नाही! कारण काय, तर तो पाकिटाचा भाग, त्याला नाणं कोण समजतं? आणि नोएलने घरी जाऊन पाकिटं उघडली, फूल काढलं, तर खाली ठसा सरकलेला, कुणाचा हात न लागलेला, कोरा करकरीत रुपया! पळत आला माझ्याकडेच. ‘सुबोध, बघ ना रे, हा वाकडा का?’ मी भिंग लावलं, आणि तुम्हाला सांगतो, चंद्रकोर! जिच्यासाठी जन्मभर भाजीवालीच्या शिव्या खाल्ल्या, ती चंद्रकोर! आणि हा काय म्हणतो? ‘तुझ्याच पाकिटातला आहे बाबा! सुबोधचा आशीर्वाद!’ अहो, नसतं सांगितलं तरी चाललं असतं! आता येईल त्या पाहुण्याला सांगतो, सुबोधने दिला, सुबोधने दिला. मी बायकोला, श्वेताला म्हटलं, परत मागू का गं? ती म्हणाली, ‘माग. आणि तिकडून तसाच परस्पर बाहेर जा, घरी येऊ नको.’

मग त्याचा जावई क्रिस, त्याने ते ग्रेडिंगला पाठवलं. तज्ज्ञ लोक नाणं तपासतात, खरं-खोटं बघतात, मार्क देतात आणि डबीत सील करून परत पाठवतात. आलं चौसष्ट घेऊन. लागला लाइट. मी जळत नाही हां, पण विजेचं बिल कुणाचं वाढतंय!

आणि अशात मला काय सापडावं? माझ्याच देव्हाऱ्यात! लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे ताटात जुनी नाणी मांडतात, हळद-कुंकू वाहतात, आणि पूजा झाली की तशीच पुरचुंडी बांधून देवांच्या मागे. बाबा, म्हणजे माझे वडील काशीराम, मिलमध्ये होते, पगारातला एकेक रुपया बाजूला काढून त्यांनी ती जमवलेली. देवाची नाणी म्हणून मी कधी भिंग लावलंच नाही! एक दिवस न राहवून लावलं... आणि त्यात एक मोठा जुना रुपया, कुंकवाने काळा झालेला, त्याचा ठसा सरकलेला! नोएलच्याहून जास्त! त्याची चंद्रकोर द्वितीयेची, माझी पंचमीची! मी देव्हाऱ्यासमोर अक्षरशः नाचलो. आईला वाटलं, मुलगा भक्तीला लागला.

पण आता प्रश्न... पाठवू की नको? बघा हां. पाठवलं आणि पासष्ट आले, तर काय, मी लाइट लावणार नाही, मी झुंबर लावणार! पण पाठवलं आणि त्रेसष्ट आले तर? म्हणजे आहेराच्या पाकिटातला फुकटचा रुपया पुढे, आणि सगळ्या बिल्डिंगला नाण्यांवर भाषण देणारा मी एका मार्काने मागे! आणि नाही पाठवलं, तर तोंड आपलं आहे, सत्तर सांगा, कोण अडवतंय? रोज सकाळी ठरवायचो पाठवायचं, नोएलची शोकेस दिसली की ठरवायचो नको. श्वेता म्हणाली, ‘अहो, ते नाणं आहे का मुलीचं स्थळ?’

आणि एका दुपारी, घरात कुणी नव्हतं, दोन्ही दारं उघडी, समोर ते पिवळ्या लाइटखालचं लखलखतंय आणि माझ्या हातात हे काळंकुट्ट. तुम्हाला सांगतो, मीच सगळ्यांना सांगत फिरतो, नाण्याला हात लावू नका, पाणी लावू नका, घासलंत तर मेलं! तो मी... तो मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, चिंच घेतली, मीठ घेतलं, आणि समया घासतात तसं घासलं! डोक्यात एकच, त्याच्यापेक्षा चमकलं पाहिजे, त्याच्यापेक्षा! आणि चमकलं हो. असं चमकलं, असं चमकलं, की बघूनच कळलं... वाट लागली. वर बारीक बारीक रेघा. तज्ज्ञ सोडा, शेंबडं पोर सांगेल घासलंय म्हणून. अशा नाण्याला मार्कच देत नाहीत.

आई आली. प्रेमाबाई, मालवणची, तोंडाचा पट्टा म्हणजे काय विचारता. मला वाटलं, आता सुरू होणार. तिने नुसता रुपया उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि एवढंच म्हणाली, ‘मेल्या, तेच्यार तुझ्या बापाशीच्या हातचा कुंकू होता रे.’

त्या वेळी मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो. बाबा गेल्यावर दर दिवाळीला आम्ही त्याच्यावरच नवं कुंकू वाहत होतो, पण खालचं त्यांचं होतं. मी ते बेसिनमध्ये वाहवून दिलं, का? तर समोर लाइट लागला म्हणून! मी शपथ घेतली, हे नाणं आता कुठेही पाठवायचं नाही, पुरचुंडीत परत. संपला विषय.

संपतोय कसला! बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा, सगळे प्रसाद खातायत, आणि नोएल भर सभेत, ‘अरे सुबोध, तुझी आई बोलली तुला पण घावलंय ना वाकडं? क्रिस दुसरं एक पाठवतोय, तुझं पण दे, फी माझी!’ मी म्हटलं, ‘कशाला रे उगाच...’ ‘कशाला म्हणजे? तू मला दिलास, मी तुझं करायला नको?’ सगळे बघतायत. सेक्रेटरी म्हणतात, ‘द्या हो, बघू तरी कुणाला जास्त पडतात!’ आता काय सांगू? घासलंय? मी? दिलं काढून. आणि लाज सोडून सांगतो, मनात कुठेतरी होतंच, न जाणो, तज्ज्ञाचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला तर...

नाही राहिला. डबी आली. नोएलच घेऊन आला, सोबत त्याच्या बायकोने, कॉन्सेप्टाने तळलेल्या फुग्या, त्यांच्याकडचे ते गोल गोल गोडसर वडे. चिठ्ठीवर काय? नाणं अस्सल, ठसा सरकलेला, पण घासलेलं. आणि नंबराच्या जागी... कोरं! पासष्ट नाही, त्रेसष्ट नाही, नापास म्हणायलासुद्धा मार्क नाहीत! मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, हसू दे आता. मी त्याच्या जागी असतो तर हसलो असतो, दार लावून का होईना.

तर हा डबी माझ्या हातात ठेवतो आणि म्हणतो, ‘आई बोलली मला, हे तुझ्या बाबाचं. देवाजवळ होतं ना?’ म्हटलं, होतं. ‘माझ्या पप्पाची होडी विकली आम्ही, जाळी विकली, एक वस्तू नाय राहिली रे घरात. माझा रुपया काय, दुकानातल्या पाकिटावरचा. तुझा तुझ्या बाबाने ठेवलेला.’ आणि मग, तुम्हाला सांगतो, मोठ्याने हसला, माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि सरळ म्हणाला, ‘जळलो रे मी तुझ्यावर, सुबोध! एकदम जळलो!’

बोलून टाकलं! सगळ्यांसमोर, आईसमोर, श्वेतासमोर! एक फुगी उचलली, चहात बुडवली, खाल्ली आणि घरी जाऊन ढाराढूर झोपला. घोरणं आम्हाला ऐकू येत होतं. आणि मी? शॅरनच्या लग्नापासून मी जळत नाही, मी जळत नाही सांगत फिरतोय, ना धड झोप, ना धड जेवण, त्यात बापाचं कुंकू धुवून बसलोय! मार्क जाऊ द्या हो, लाइट जाऊ द्या... साधं जळायचं म्हटलं, तरी तो माझ्यापेक्षा चांगला जळतो!