मोज्याच्या चार ओळी

फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या दवाखान्यात माझ्यामागे एकाच ऑफिसातली दोघं, वेसा आणि आइला, बसली होती. आइला मोजा विणत होती.

“वेसा, डॉक्टरला काय सांगणार?”

“ॲपच्या कोडमध्ये काय बदललं, तेच विसरतो. डोकं गेलं माझं.”

“काल माझ्या कंप्युटरवर विसरलास?”

“नाही गं. तिथे ॲप लगेच तयार होतं. विसरायला वेळच कुठे मिळतो?”

“आणि तुझ्या कंप्युटरवर?”

“बटण दाबायचं नि ॲप तयार होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचं.”

“तेवढ्यात माझ्या मोज्याच्या चार ओळी होतात! माझ्या कंप्युटरवर एक टाकाही पुरा होत नाही.”

“म्हणजे म्हातारा मी नाही, ते डबडं झालंय?”

“मग काय!”

“हुश्श! चल आइला, कॉफी माझ्याकडून.”

“अरे, टोपी राहिली तुझी!”

“तीसुद्धा त्या डबड्यामुळेच!”